सुगंधाआत्याचं समोरचं दार

आमची सुगंधाआत्या घर बांधायच्या आधी त्या घरात राहून पाहायची. हे वाचून कुणी चक्रावलं तर त्याची चूक नाही. आम्ही तर दरवर्षी चक्रावायचो. कार्तिक सरला, वैनगंगेचं पाणी उतरलं आणि काठाची रेती उघडी पडली, की आत्या पळसाची एक काडी घेऊन रेतीत उतरायची आणि चालता चालता घर काढायची. इथे भिंत, इथे चूल, इथे पाण्याची घागर, इथे निजायचं. मग ती त्या रेघांच्या आत जाऊन बसायची. नसलेल्या चुलीवर नसलेला भात रांधायची, आणि वाऱ्याने धूर कुणीकडे जाईल ते पाहायला मान वाकडी करून डोळे बारीक करायची. शेवटी भर दुपारी पदर तोंडावर घेऊन चांगली लांब व्हायची. पाय रेघेबाहेर गेले की उठून रेघ पुसायची आणि थोडी पुढे सरकवायची.

या घराचे नियम मात्र खऱ्या घराहून कडक होते. एकदा बाबा खांद्यावर बांबूंचा भारा घेऊन सरळ रेघ ओलांडून आत आले. बाबा म्हणजे माझे वडील, आत्याचे धाकटे भाऊ. मुळातच कमी बोलणारे, आणि बहिणीसमोर तर जवळजवळ मुकेच. आत्या ताडकन उठून बसली.

"भिंतीतून काऊन येऊन राह्यला गा शामा? डोळे हाये का भोकं? दारातून ये!"

बाबा भारा तसाच खांद्यावर घेऊन मागे फिरले, रेघेला वळसा घालून नदीच्या बाजूला गेले, आणि जिथे आत्याने रेघ मोकळी सोडली होती तिथून आत आले. शिवाय वाकूनही आले, कारण आत्याच्या घराचं दार बुटकं असणार हे त्यांना ठाऊक होतं. आई आणि मी हसून हसून रेतीवर बसलो. आत्या मात्र हसली नाही. "आता कसा मानसासारखा आला," एवढंच म्हणाली आणि परत आडवी झाली.

आम्ही ढिवर, मासे धरणारे. आमचा काठ गडचिरोलीचा आणि पलीकडचा चंद्रपूरचा. मधल्या पाण्याला आणि रेतीला मात्र जिल्हा-बिल्हा कळत नाही. बाबा जाळं टाकायचे, पावसाळ्यात लोकांच्या बांधीत धान रोवायला जायचे. आत्याचा मुलूख होता तो रेतीचा. हिवाळ्यात रेतीत खड्डे करायचे, त्यात शेणखत भरायचं आणि डांगराचं म्हणजे खरबुजाचं, काकडीचं, टरबुजाचं बी लावायचं; उन्हाळ्यात फळं तोडून चामोर्शीच्या बाजारात न्यायची. हिला म्हणतात डांगरवाडी. वाडी राखायला माणूस लागतंच, नाहीतर कोल्हे आधी चव घेतात. म्हणून पौषापासून ते मृगाच्या तोंडापर्यंत आमचं अख्खं घर रेतीवर मुक्कामाला यायचं. नव्वदीच्या दशकातले माझे सगळे उन्हाळे त्या घरात गेले. पुढे चंद्रपूरला आल्यावर एका मैत्रिणीने समुद्रकाठच्या बंगल्यांची चित्रं दाखवली. समोर बाग, बागेपुढे वाळू, वाळूपुढे पाणी. ती हरखून गेली होती. मी म्हटलं, हे तर आमच्याकडे होतं, फक्त आमचं दरवर्षी नवंकोरं असायचं.

घर बांधायची आत्याची एक शिस्त होती. बांबूची चौकट, तुराट्यांच्या भिंती, वर धानाचा तणस आणि पळसाची पानं. बांधायला पळसाच्या मुळांचा वाक, म्हणजे तंतूंची दोरी. खिळा नाही, तार नाही, पत्रा नाही. एका साली बाबांनी गडचिरोलीहून निळ्या प्लास्टिकचं मोठं कापड आणलं. छपरावर टाकलं तर अवकाळी पावसाचा घोर नाही, असा त्यांचा हिशेब. आत्याने ते दोन बोटांत धरून पाहिलं, मेलेला उंदीर धरावा तसं.

"हे नदीत गेलं तं नदी काय करन याचं?"

"जाईन कायले? आपन काढून ठेवू."

"तू काढशीन, वारा ठेवीन का? हे बघ शामा, नदी मालकीन हाये, आपन पाहुने. पाहुन्यानं जागा वापराव, खुंटी ठोकू नये."

ते कापड पुढे कित्येक वर्षं गावात आमच्या सरपणावर पडून होतं. मृगाआधी घर उकललं की तणस गाईपुढे जायचा, तुराट्या चुलीत, पानं खड्ड्यात. बांबू आम्ही खांद्यावर वर न्यायचो. नदी चढून यायची तेव्हा तिथे आमचं काहीच उरलेलं नसायचं. आत्या काठावर उभी राहून ते पाणी पाहायची आणि समाधानाने म्हणायची, "ने आता काय नेतं ते!"

आणि दार. दार मात्र दरवर्षीचं तेच. एकपाखी, जाड लाकडाचं, खालच्या कोपऱ्यात कुजून थोडं खाल्लेलं. त्या तुराट्यांच्या झोपडीला ते दार म्हणजे लंगोटीवाल्याच्या डोक्यावर फेटा होता, पण आत्यापुढे हे बोलायची कुणाची छाती नव्हती. त्या दाराची गोष्ट अशी. आत्याचं सासर पलीकडच्या काठावर. लग्नानंतर काही वर्षांनी मोठा पूर आला आणि मातीचं घर रातोरात विरघळलं. माणसं टेकडीवरच्या देवळात होती म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर घराच्या जागी नुसता चिखल. दार तेवढं खालच्या अंगाला एका उंबराच्या फांद्यांत अडकलेलं मामाजींना सापडलं. मामाजी म्हणजे आत्याचे यजमान. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांनी ते दार पाठीवर घेऊन आणलं, त्याच्याभोवती नवं घर बांधू म्हणाले, आणि पुढच्याच हिवाळ्यात तापाने गेले. मूलबाळ नव्हतं. आत्याने दार डोंग्यात घातलं आणि भावाकडे आली. दुसऱ्या बाया माहेरी परतताना भांडी आणतात, लुगडी आणतात. ही दार घेऊन आली.

रेतीवरच्या घराला ते दार लागायचं ते नेहमी नदीकडे. गाव, रस्ता, माणसं सगळी पाठीमागे. दार उघडलं की आधी डांगराचे वेल, मग कोरडी रेती, मग ओली रेती, मग पाणी, आणि पलीकडे तिच्या सासरचा काठ. असं काऊन, म्हणून मी लहानपणी पुष्कळदा विचारलं. दर वेळी उत्तर वेगळं. कधी म्हणे वारा येतो. कधी म्हणे कोल्हा दिसतो. कधी म्हणे, "सकाळी उठून आधी तोंड कोनाले दाखवाचं? तुह्या मास्तरच्या सायकलीले का?" एकदाच, वेलांना पाणी घालता घालता, ती न हसता बोलली, "माह्यं जे गेलं ते या पान्यानंच नेलं, अन् मंग मले पोसलं तेबी यानंच. त्याच्याकडं पाठ करून बसू का मी?" माझी आत्या एकटी आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तिची एकच इच्छा होती आणि ती तिने कधी लपवून ठेवली नाही. "एक घर असं पाह्यजे का जे उकलाच लागत नाई. दार हेच. दारासमोर वाडी, वाडीसमोर नदी. मंग मी मेली तरी चालते."

दोन हजार साल उलटल्यावर एका पावसाळ्यात नदीने धार बदलली. पाणी आमच्या काठाला खेटून वाहू लागलं आणि रेती गेली पलीकडे. कार्तिकात आत्या काडी घेऊन उतरली तर उतरायला जागाच नव्हती. काठाखाली बोटभर पट्टी, एखादं जाळं वाळत घालण्यापुरती. ती बराच वेळ तिथे उभी राहिली. मग काडी पाण्यात टाकून वर आली आणि चूल पेटवायला बसली. त्या हिवाळ्यात ती कुणावर ओरडली नाही. आम्ही सगळेच त्यामुळे घाबरलो होतो.

नशीब म्हणा, की त्याच सुमारास विधवा म्हणून तिच्या नावावर सरकारी घरकुल मंजूर झालं. जागा गावाच्या टोकाला, उंच दरडीवर. एका अंगाला डांबरी रस्ता, दुसऱ्या अंगाला उतार, आणि उताराखाली नदी. आत्याने जागा पाहिली आणि तिच्या अंगात पुन्हा वारं भरलं. घरून राख नेऊन तिने जमिनीवर घर काढलं, त्यात झोपून पाहिलं, आणि दारासाठी रेघ मोकळी सोडली ती अर्थातच उताराच्या बाजूला.

पण घरकुलाचा नकाशा वरून ठरून आलेला होता. सगळ्या घरांची दारं रस्त्याकडे, एका ओळीत, शाळेतल्या मुलांसारखी. मागे सलग भिंत. दार एकच. आता आत्याची सगळी जन्माची आस त्या एका भिंतीवर येऊन अडकली. गवंडी गावातलाच, चांगला माणूस, पण त्याची वेगळीच अडचण. आमच्या गावापाशी नदी वळसा घेते, त्यामुळे ती येते दक्षिणेला.

"सुगंधाबाई, दक्षिनेकडं दार म्हंजे यमाकडं दार. मी नाई लावत बापा."

"यम काय पत्ता विचारत येते का गा? त्याले सगळेच दारं मालूम हाये."

"मंजूर एकच दार हाये, बाई."

"मंग ते तुमचं दार तुमी लावा तिकडं. माह्यं मी लावतो."

आमच्याकडच्या बाया बोलताना 'मी जातो, मी करतो' म्हणतात; आत्या म्हणायची तेव्हा मात्र ते खरोखर फर्मानासारखं वाटायचं. दुसऱ्या दिवशी गवंडी विटा रचायला आला तर दक्षिणेच्या जोत्यावर ते जुनं दार उभं, आणि त्याला पाठ टेकून आत्या बसलेली, मांडीवर निवडायला घेतलेल्या वालाच्या शेंगा. तो म्हणाला, उठा. ती म्हणाली, तुमचं चालू द्या, मले काय तरास नाई. त्याने बाकीच्या तीन भिंती चढवल्या. आत्या तिथेच जेवली, तिथेच पेंगली, तिथेच आल्यागेल्याशी गप्पा मारल्या. बाबांनी रोज तिथे डबा पोचवला, आणि कुणी विचारलं तर "बाई हाये तिथी" एवढंच सांगितलं; बहिणीला ते बाईच म्हणायचे. शेवटी गवंड्याने कपाळाला हात लावला आणि दाराच्या दोन्ही बाजूंनी विटा चढवायला सुरुवात केली. भिंत दाराएवढी झाली तेव्हा कुठे आत्या उठली, आणि गवंड्यासाठी तिने झिंग्यांची भाजी केली. तो ती बोटं चाटत जेवला. त्या जुन्या दाराला चौकटही त्यानेच आपल्या हाताने बसवून दिली.

पाहणीला आलेल्या साहेबांनी दोन्ही दारं पाहिली, उतारावरून येणारा वारा अंगावर घेतला आणि म्हणाले, "मला एकच दार दिसलं, बाई." भला माणूस. मात्र जाताना त्यांनी सांगितलं की घराचा समोरून फोटो काढून पाठवा. इथे घोटाळा झाला. फोटोवाला आला तेव्हा आत्याने त्याला "समोर" नेलं. फोटोत आत्या, जुनं दार आणि उतरणीवरची वांग्यांची रोपं. कचेरीतून निरोप आला की घराच्या समोरच्या बाजूचा फोटो पाठवा. आत्याने पुन्हा फोटोवाला बोलावला आणि पुन्हा तिथेच उभी राहिली. या वेळी नवं लुगडं नेसून, कारण तिला वाटलं की साहेबांना पहिलं लुगडं आवडलं नसेल. दुसऱ्यांदा फोटो परतला तेव्हा बाबांनी हिंमत करून सांगितलं, "बाई, त्यायले रस्त्याकडचं पाह्यजे." आत्या चिडली, पण गेली. रस्त्याच्या दारात उभी राहिली ती फोटोवाल्याकडे पाठ करून. तो बिचारा विनवतोय, बाई इकडे पाहा, आणि ती म्हणतेय, "घराची पाठ तुह्याकडं हाये, मंग माह्यं तोंड काऊन पाह्यजे तुले?" तो फोटो मात्र चालला. आमच्याकडे त्याची एक प्रत आहे. तिच्या अंबाड्यात खोवलेलं फूल त्यात छान आलं आहे.

मग वाडी उभी राहिली. आत्याने मागच्या, म्हणजे समोरच्या, दारापुढे बांबूची सपरी काढली. सपरी म्हणजे आमच्याकडची पडवी. तिच्यावर तणस, तणसावर भोपळ्याचा वेल. न्हाणीचं पाणी केळीला, भांड्यांचं पाणी वालाच्या मांडवाला. सीताफळ, मिरची, वांगी, दोडका, कढीपत्ता. आणि एका कोपऱ्यात नदीवरून टोपल्या वाहून आणलेल्या रेतीचा वाफा, त्यात डांगर. फळं लहान व्हायची, पण वास तोच. पक्क्या घरातसुद्धा तिने भिंतीला खिळा ठोकू दिला नाही. मी भेट दिलेलं कॅलेंडर कायम जमिनीवर भिंतीला टेकून उभं असे, आणि तारीख पाहायची तर उकिडवं बसावं लागे. मी म्हटलं, "आत्या, हे घर तुझं आहे, इथे तू पाहुणी नाहीस." तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "कोन नसते पोरी पाहुना?"

रस्त्याच्या दाराला तिने आतून कडी घातली आणि त्याला टेकवून धानाची ढोली ठेवली, बांबूची, शेणाने सारवलेली, माणसाच्या छातीएवढी उंच. विषय मिटला. नवा माणूस यायचा, रस्त्याकडून कडी वाजवायचा. आतून गर्जना व्हायची, "भिंत काऊन ठोकून राह्यला? फिरून ये, दारातून ये!" मग तो बिचारा शेजारच्या सांदीतून, कोंबड्या उडवत, मांडवाखाली वाकत, वाडीतून सपरीत पोचायचा. पोस्टमन, मतं मागणारे, पोलिओचा डोस पाजणाऱ्या बाई, आत्याच्याच सपरीत माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला आलेले मुलाकडचे, सगळे त्याच वाटेने आले. मुलाच्या वडिलांच्या टोपीत वालाचं फूल अडकलं होतं. लग्न जमलं. आत्या शेवटपर्यंत सांगत असे की ते दारामुळेच जमलं. रस्त्याकडून आले असते तर नुसतं घर पाहून गेले असते.

माझ्याकडे चंद्रपूरला ती एकदाच आली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दारासमोर जिना आणि जिन्यासमोर दुसऱ्यांचं दार. गॅलरीतून कोळशाच्या मालगाड्या दिसतात. ती सगळ्या खोल्यांतून फिरली, गॅलरीत उभी राहिली, परत दारात गेली. मी वाट पाहत होते की आता म्हणेल, छान आहे. ती हळूच म्हणाली, "सगळं बढिया हाये पोरी. पन तुह्या घराले समोर कुठी हाये?" मला हसू आलं, आणि ती गेल्यावर बरेच दिवस मी गॅलरीत कुंड्या लावत होते.

आत्या गेली ती हिवाळ्यात, सपरीतच. चार दिवस छातीत कफ झाला होता. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा म्हणाली, मले बाहेर बसवा. उन्हाला बसवलं, पाठीशी उशी दिली. आई पेज करून आणेपर्यंत तिची मान कलली होती. दार उघडंच होतं.

तिला आंघोळ घालून आत घेतलं. मी पोचले तोवर रस्त्यावर सगळं गाव जमलं होतं. तिरडी तिकडेच बांधत होते, कारण मयत समोरच्या दारानेच न्यायची असते. मागच्या दाराने नेली तर माणसाची अवहेलना, ही गावची जुनी रीत. चौघे आत आले आणि ढोली सरकवू लागले. ती इतक्या वर्षांत जमिनीला चिकटून बसली होती. धान सांडू लागलं. एक जण दाराची कडी दगडाने ठोकू लागला, कडी गंजलेली, हलेना. सगळे घाई करत होते. आणि कोपऱ्यात बहिणीच्या पायाशी बसलेले माझे बाबा, ज्यांना मी जन्मात कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, एकदम ओरडले:

"भिंत काऊन फोडून राह्यले? दारातून न्या तिले!"

ठोकणारा हात थांबला. गावातलं एक वडीलधारं माणूस समजुतीने म्हणालं, "शामराव, मागच्या दारानं कोनी नेते का गा? लोक काय म्हन्तीन?"

"मागचं नाई ते," बाबा म्हणाले. आता ते रडत होते. "माह्या बाईचं समोरचं दार हाये ते. तिकडूनच जाईन ते."

मग त्या गवंड्यानेच रस्त्यावर जाऊन तिरडी उचलायला सांगितली, आणि माणसं ती घेऊन सांदीतून, मांडवाखाली वाकत, वाडीत आली. ज्या वाटेने आत्याने जन्मभर सगळ्या गावाला यायला लावलं होतं त्याच वाटेने. तिला बाहेर काढलं तेव्हा चौघेही त्या बुटक्या दारात वाकले. "वेलावर पाय नोका देऊ रे," आई रडता रडता म्हणाली, आणि ते सांभाळून, डांगराच्या वाफ्याला वळसा घालून उताराला लागले.

आमच्याकडे सरण नदीकाठच्या घाटावर रचतात, आणि बायका तिथे जात नाहीत. गावातल्या इतर घरांतून मयत निघाली की दहा पावलांवर रस्ता वळतो, आणि दारात उभ्या राहिलेल्या बायांना पुढचं काही दिसत नाही. त्या तशाच आत वळतात. मी आणि आई सपरीत उभ्या होतो. समोर वाडी, वाडीखाली उतार, खाली ती बोटभर रेती, आणि पाणी. मधे काहीच आडवं येत नव्हतं. आत्याच्या दारातून आत्या आम्हाला शेवटपर्यंत दिसत राहिली.